ओतूरचा सातबारा आणि माझा ईएमआय

दिवाळीपासून आमच्या घरी रविवारच्या जेवणाला एकच विषय असतो. ओतूरची दोन एकर जमीन विकायची की ठेवायची? गिऱ्हाईक आलंय, इसार द्यायला तयार आहे. गावी शेती बघणाऱ्या काकांचा होकार आहे, आत्या सही करायला तयार आहे, पप्पांचं तळ्यात-मळ्यात चाललंय. आणि मी? मी पहिल्याच रविवारी लॅपटॉप उघडून सगळ्यांना एक्सेल शीट दाखवली होती. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटचं कर्ज, उरलेले हप्ते, व्याज, आणि समोर जमिनीतून वर्षाकाठी हातात पडणारे पैसे (कांद्याला भाव मिळाला 'तर', आणि तो 'तर' मी मुद्दाम ठळक केला होता). शेवटच्या ओळीत स्वच्छ उत्तर होतं. विका.

आजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. ताट उचलताना एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या कागदात ब्याऐंशी साल हाय का रं?"

नव्हतं. ते शोधायला बसलो आणि हा एवढा मोठा लेख झाला. वीकएंड आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना ओतूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट चढून वर आलात की पुढे लागणारं बाजाराचं मोठं गाव. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचं देऊळ, श्रावणी सोमवारची जत्रा, तांदळाच्या पिंडी, कुस्त्या. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी इथेच आहे. कांद्याचं मार्केट आहे. गावातून तसंच पूर्वेला गेलात की आळेफाटा लागतो, तिथे हा रस्ता पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो. तो चौक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. पण माझ्या आजोबांच्या पिढीला पुणं माहीत होतं ते कोर्टकचेरीपुरतं. पोटासाठी माणसं घाट उतरून मुंबईला जायची. तशी ही सवय फार जुनी. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या शंभर वर्षांत मालाच्या मागोमाग माणसंही उतरली. गिरण्यांमध्ये कोकणातली माणसं जास्त, पण घाटावरचीही कमी नव्हती. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथली माणसं गिरणीत लागली, बाजारात हमाली करू लागली, डबे पोचवू लागली. आजही वाशीच्या भाजी मार्केटात पहाटे जा, निम्म्या गाळ्यांवर आमच्याकडची बोली ऐकू येईल.

आमचे तात्या, म्हणजे आजोबा, १९६१ साली गेले. वय अठरा. परळच्या एका मिलमध्ये 'बदली' म्हणून लागले. बदली म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर आल्या पावली परत. राहायला लालबागला गावकीची खोली. वीस-बावीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीला लावलेली एक ट्रंक. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. आणि आजी? आजी ओतूरलाच. ती उभ्या आयुष्यात चारदा मुंबईला गेली, त्यातल्या दोन खेपा दवाखान्यासाठी. बाकी सगळा काळ बाजरी, कांदा, दोन बैल, सासू-सासरे आणि तीन पोरं.

मग ते ब्याऐंशी साल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरून गेला. तात्या शिमग्याला गावी आले ते ट्रंक तिथेच ठेवून, "महिनाभरात मिटंल" म्हणून. ट्रंक पुढच्या वर्षी आली. तात्या पुन्हा कधी मिलमध्ये गेले नाहीत.

या संपावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. युनियन चुकली, मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या, सरकारने हात झटकले वगैरे वगैरे. पण एक साधा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. ही अडीच लाख माणसं वर्ष-दीड वर्ष पगाराशिवाय खात काय होती?

उत्तर आमच्याच घरात होतं. आजीने पिकवलेलं खात होती.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवर मोठं काम केलं आहे. त्यांचा मुद्दा असा, की कामगार गावाशी नातं टिकवून होता याचं कारण त्याचा अडाणीपणा किंवा शेतीचा मोह नव्हतं. शहरातली नोकरी इतकी बेभरवशाची आणि पगार इतका तोकडा, की गाव सोडणं परवडणारंच नव्हतं. १९२८ चा संप सहा महिने चालला, तेव्हाही कितीतरी कामगार गावी निघून गेले होते. म्हणजे शहरात टिकून राहायचं तर गाव लागायचं!

हे वाचल्यावर मला माझ्या शीटमधली चूक दिसायला लागली. मी जमिनीच्या पुढे फक्त 'उत्पन्न' असा रकाना केला होता. पण तात्यांच्या काळात ती दोन एकर उत्पन्नासाठी नव्हतीच मुळी. ती विमा पॉलिसी होती. मिलने पगार दिला तो एका माणसाच्या खानावळीपुरता आणि थोड्या मनीऑर्डरपुरता. पोरं वाढवणं, आजारपण, संपातलं वर्ष, म्हातारपण, हे सगळं ओतूरच्या खात्यावर. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मिलचा बॅकअप सर्व्हर ओतूरला होता आणि त्याचं भाडं मिलने कधीच दिलं नाही. ते आजीने दिलं. रोज, पहाटे साडेचारपासून.

मिल बंद पडल्यावर काय झालं तेही बघा. मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाला काढलेल्या जमिनीचा एक-तृतीयांश हिस्सा महापालिकेला, एक-तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला असं ठरलं होतं. २००१ मध्ये नियम बदलला, बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचीच वाटणी करायची असं झालं, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज दीड लाखाहून जास्त, घरं त्यामानाने मूठभर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्याही खाली आली. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता मॉल आहेत. आपणही तिथे जातो, मी पण जातो, पॉपकॉर्नच्या किमतीवर चिडतो.

आता कोणी म्हणेल, गाव होतं म्हणून निभावलं, मग गावाकडे चला! थांबा. सगळ्यांचं निभावलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या घटली होती. तिथल्या चाकरमान्याला परत यायला घर होतं, पण पोट भरेल इतकं शेत नव्हतं. आमचं नशीब म्हणजे कुकडी प्रकल्प. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे ही धरणं टप्प्याटप्प्याने झाली आणि तालुक्याच्या बऱ्याच भागात पाणी फिरलं. तात्या परतले तेव्हा गावात विहिरींना पाणी होतं, कांदा होता, पुढे टोमॅटो आला. पण हे पाणीही फुकट नाही आलं. ज्या आंबेगावावरून शेजारच्या तालुक्याला नाव मिळालं ते मूळ गाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तिथल्या माणसांच्या घरादारावरून आमच्या विम्याचा पाट वाहतो, हेही शीटमध्ये नव्हतं.

आता आळेफाट्याच्या चौकात या. गंमत बघा, ज्या १९८२ च्या जानेवारीत मुंबईत संप सुरू झाला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. एमआयडीसी १९६२ ची, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स त्याच्याही आधीची, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप. १९९१ ला पाच लाखांच्या पुढे असलेलं हे शहर २००१ ला दहा लाखांवर आणि २०११ ला सतरा लाखांवर गेलं. ओतूरची पोरं घाट उतरायची थांबली. ती आळेफाट्याला येऊन उजवीकडे, पुण्याच्या रस्त्याला वळायला लागली. पप्पा त्यातलेच. आयटीआय करून १९८८ मध्ये भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लागले.

दोन पिढ्यांमध्ये एक फरक मात्र मोठा होता. तात्या एकटे गेले होते, पप्पा लग्नानंतर आईलाही घेऊन आले. भोसरीत एक खोली, मग वन आरके, मग वन बीएचके. मी इथेच जन्मलो, इथेच शाळा-कॉलेज. ओतूर माझ्यासाठी मे महिन्याची सुट्टी आणि श्रावणातली जत्रा. कुटुंबच्या कुटुंब शहरात आलं ही चांगलीच गोष्ट झाली. आईच्या वाट्याला आजीचं आयुष्य आलं नाही, हे मी कधीही वाईट म्हणणार नाही.

पण २००९ आलं. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि भोसरीतल्या वर्कशॉपच्या ऑर्डरी आटल्या. पप्पांना आठवड्यातून तीनच दिवस काम, पगार निम्मा. मी सहावीत होतो. मला मंदी म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण पिकअपमधून ओतूरहून येणारी बाजरीची आणि कांद्याची पोती आठवतात. त्या चार महिन्यांत आईने कांद्याच्या इतक्या प्रकारच्या भाज्या केल्या की मी अजूनही कांदाभजी सोडून दुसरं काही हौसेने खात नाही. आणि २०२०. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे ओतूरला. मी गच्चीवर, जिथे नेटवर्क मिळायचं तिथे, डोक्यावर टॉवेल टाकून स्टँडअप कॉल करायचो. त्या वेळी हायवेवरून हजारो माणसं चालत निघाली होती. तीही आपापल्या विमा पॉलिसीकडेच निघाली होती.

म्हणजे तीन पिढ्या, तीन वेगळ्या इंडस्ट्री, आणि बॅकअप तोच.

आता माझी बाजू. आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. बेंचवरचा माणूस काय किंवा गेटवर उभा असलेला बदली कामगार काय, फरक एवढाच की आम्हाला एसी आहे. तिकडे चाकणला बघा. म्हाळुंग्याला एकेका खोलीत सहा-सहा पोरं कॉट बेसिसवर राहतात. कंत्राटी, 'ट्रेनी', अकरा महिन्यांनी ब्रेक. तात्यांची गावकीची खोलीच म्हणा, फक्त गावकी गेली. लालबागच्या खोलीत कोणी आजारी पडला तर गावचं मंडळ वर्गणी काढायचं. इथे शेजारच्या कॉटवरच्याचं आडनाव माहीत नसतं.

इथपर्यंत विचार करून मी स्वतःवर खूश होतो. जमीन ठेवायची, बस्स. मग गेल्या महिन्यात काकांना भेटायला ओतूरला गेलो.

कांद्याची लागवड चालू होती. सकाळी रस्त्याकडेला मजुरांचे घोळके उभे होते. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमधले, ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याने अकोल्याकडून आलेले, घाटाखालच्या मुरबाडकडून आलेले. नवरा-बायको, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. शेतकरी मोटरसायकलवर येतात, एकराचा उक्ता भाव ठरतो, पिकअप भरते. काकांनीही भाव पाडून एक टोळी आणली. रात्री ती माणसं आमच्याच बांधावर ताडपत्री टाकून झोपली. पोरांसकट. जुन्नर तालुक्यात! जिथे बिबट्याच्या भीतीने आमची माणसं संध्याकाळी सातनंतर शेतात पाऊल टाकत नाहीत.

मी काकांना म्हटलं, निदान गोठ्याशेजारच्या खोलीत तरी झोपू द्या. काका म्हणाले, "खोलीत औषधं, ठिबकच्या नळ्या भरल्यात. आन् दरवर्षी असंच झोपत्यात ती." काका वाईट माणूस नाही. मिलचा मॅनेजरही बहुधा वाईट माणूस नसेल. त्या टोळीसाठी ओतूर हीच मुंबई आहे, आम्हीच मिल आहोत, आणि त्यांचा बॅकअप डोंगरातल्या कुठल्या तरी वाडीतली एक म्हातारी सांभाळते आहे. तिचंही भाडं कोणी देत नाही. आम्ही तर नाहीच.

म्हणून माझं म्हणणं नुसतं "जमीन विकू नका" इतकं सोपं राहिलेलं नाही. ज्याला दोन एकर आहे त्याने ती जपावी, पण ज्याला नाही त्याचं काय? स्थलांतराबद्दल बोलताना आपण दोनच बाजू मांडतो. एक म्हणते शहरं तुंबली, लोंढे थांबवा. दुसरी म्हणते शेतीत काही राम नाही, विका आणि या. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. जो उद्योग माणूस बोलावतो, त्याच्या वाईट दिवसांचा खर्च त्या उद्योगाने उचलायला हवा. आजवर तो गावाने उचलला, म्हणून उद्योग स्वस्तात चालले.

आणि हे अशक्य नाही, कारण महाराष्ट्राने ते एकदा करून दाखवलंय. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी ज्या हमालांना संघटित केलं त्यांना एक मालक नव्हताच. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. कायद्याने यावर साधा तोडगा काढला. मंडळ स्थापन करायचं, कामगार आणि व्यापारी दोघांनी तिथे नोंदणी करायची, मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, दवाखाना. मालक बदलत राहिला तरी कामगाराचं खातं तेच. या कायद्यात पळवाटा काढणारे, त्याच्या नावावर खंडणी मागणारे सगळे झाले, मान्य. पण पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाला या कायद्याने शहरातच दोन एकर मिळवून दिली.

मग चाकणच्या कंत्राटी पोराला, मोटरसायकलवरून आपलं जेवण आणून देणाऱ्याला आणि ओतूरच्या कांदा लावणाऱ्या जोडप्याला तसंच खातं का नको? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांचा पहिल्यांदा उल्लेख आला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कागदावर पाऊल पडलंय. पण माथाडी मंडळं कागदावर उभी राहिली नव्हती, त्यांच्यामागे संघटना होती. आपण आयटीवाले संघटना म्हटलं की अंग चोरतो. आपल्याला वाटतं आपण तात्यांपेक्षा वेगळे आहोत. तात्यांनाही १९८१ मध्ये आपण पर्मनंट आहोत असंच वाटत होतं.

असो. फार लांबलं. जमिनीचं काय ठरलं ते सांगून थांबतो.

परवाच्या रविवारी मी नवी शीट दाखवली. तिच्यात १९८२, २००९ आणि २०२० अशा तीन ओळी वाढवल्या होत्या. आणि आणखी एक रकाना, 'हप्ता'. कारण काका विकायला निघालेत ते हौसेने नाही. आम्ही सगळे शहरात बसून बॅकअप वापरतो आणि तो चालवतात ते एकटे. तात्यांच्या वेळी आजीने जे फुकट केलं ते आता काका फुकट करताहेत. म्हणून मी म्हटलं, विकायची नसेल तर मी आणि पप्पा दर महिन्याला ठरावीक रक्कम काकांना देऊ, ठिबक आणि मोटारीच्या खर्चात वाटा उचलू. आणि बांधावर एक पक्की खोली बांधू. दार असलेली, कडी असलेली, लागवडीला येणाऱ्या माणसांसाठी. खोलीचा खर्च माझा. फ्लॅटचं कर्ज त्याने लांबेल, लांबू दे.

आत्या म्हणाली, बोलायला सोपं आहे, वर्षभर पैसे दिलेस तर खरं. बरोबर आहे तिचं. पप्पा काहीच बोलले नाहीत. आजीने विचारलं, खोलीला खिडकी ठेवणार का. काका फोनवर होते, ते म्हणाले, "बघू."

गिऱ्हाईक संक्रांतीपर्यंत थांबणार आहे.